पश्चिमेकडचा आरसा

भिंतीला टेकून एक लांबट, उंच, अरुंद मेज आहे. त्यावर मधोमध टोल्यांचं घड्याळ, घड्याळाच्या पूर्वेला चिनी मातीची फुलदाणी आणि पश्चिमेला कोरीव लाकडी चौकटीत उभा केलेला आरसा. चीनच्या आन्हुई प्रांतात, हुआंगशान पर्वताच्या परिसरात, जुन्या हुईजोऊ मुलखातल्या व्यापाऱ्यांच्या घरांत मधल्या दालनात गेलं की ही मांडणी समोर येते. शिदी आणि होंगत्सुन ही त्या मुलखातली दोन गावं २००० साली युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या यादीत गेली. तिथे येणारे बहुतेक जण कोरीव तुळयांचे फोटो काढतात आणि पुढच्या घरात शिरतात. मला त्या मेजाशी थांबावंसं वाटतं, कवितेतल्या एखाद्या ओळीशी थांबावं तसं. कारण ती खरोखरच एक ओळ आहे, चार अक्षरांची.

चिनी भाषेत घड्याळ म्हणजे झोंग, आवाज म्हणजे शंग, फुलदाणी म्हणजे पिंग आणि आरसा म्हणजे जिंग. ‘झोंग शंग पिंग जिंग’: घड्याळाचा आवाज, फुलदाणी, आरसा. याच उच्चारांची, स्वरांची चढउतारही तीच असलेली, दुसरी चार अक्षरं चिनीत आहेत. लिहायला वेगळी, ऐकायला तीच. त्यांचा अर्थ ‘जन्मभर शांत, स्वस्थ’. घरात येणारा वस्तूंची नावं घेतो आणि त्याच्या तोंडून घराला आशीर्वाद मिळतो. मोरोपंतांच्या आर्यांत रमलेल्या वाचकाला शब्दांच्या या खेळाचं सुख वेगळं सांगायला नको. पण आपल्याकडे श्लेष पोथीत राहिला, पाठांतरात राहिला, कीर्तनकाराच्या जिभेवर राहिला. इथे तो सुतार, कुंभार आणि घड्याळजी यांनी मिळून रचला आहे, आणि त्याच्यावरची धूळ रोज कुणीतरी पुसते.

पहिलंच अक्षर धाडसाचं. चिनी माणूस कुणाला घड्याळ भेट देत नाही, कारण ‘घड्याळ देणं’ हे शब्द कानाला ‘अखेरच्या घटकेला सोबत करणं’ असेच लागतात. झोंग या उच्चारात घड्याळ आहे आणि शेवटही आहे. ज्या वस्तूच्या नावाने माणसं भेट नाकारतात, तीच घराच्या ऐन मध्यावर आणून ठेवली आहे. ती तिथे शोभते, कारण पुढे शंग आला की ‘शेवट’चं ‘शेवटपर्यंत’ होतं, जन्मभर होतं. अशुभ अक्षर खोडलं नाही, पुढच्या अक्षराने त्याचा हात धरून त्याला वळवलं. ओळीतून मरण वगळलं असतं तर ‘जन्मभर’ हा शब्द जुळलाच नसता. गवई एखाद्या वर्ज्य वाटणाऱ्या सुराला क्षणभर स्पर्श करून राग उजळवतो, तशी ही जागा आहे.

फुलदाणीवर फार रेंगाळायला नको. पिंग म्हणजे फुलदाणी आणि पिंग म्हणजे शांतता, हा श्लेष चिनी चित्रांत आणि नक्षीकामात इतक्या ठिकाणी येतो की तिथल्या माणसाला तो श्लेष वाटतही नसेल. आरशापाशी मात्र बैठक मारायला हवी.

फेंग शुई या नावाचा सरळ अर्थ वारा आणि पाणी. चौथ्या शतकाच्या सुरुवातीला वारलेल्या ग्वो पू याच्या नावावर असलेल्या दफनविधीच्या ग्रंथापासून या विद्येचा पाया एकच राहिला आहे: भूमीतून आणि वास्तूतून वाहणारी प्राणशक्ती, ‘छी’, तिला वारा उधळतो आणि पाणी सांभाळून ठेवतं. आता चिनी आरशाचा कुळवृत्तांत पाहा. आरशाला एक जुना शब्द आहे, ‘ज्यान’. पाणी भरून ठेवायच्या मोठ्या काशाच्या पात्रालाही ज्यानच म्हणत. आणि ज्या प्राचीन चिन्हातून तो शब्द आला, त्या चिन्हात एक माणूस पाण्याच्या भांड्यावर ओणवून आत पाहतो आहे. म्हणजे आरसा हे उभं केलेलं पाणी.

एकदा हे ध्यानात आलं की फेंग शुईचे आरशाबद्दलचे जे सुटे सुटे नियम आपल्या कानावर पडतात, ते एका सुरात बोलू लागतात. मुख्य दारासमोर आरसा नको म्हणतात. दारातून आत आलेल्या छीला थेट समोर पाणी लागलं तर ती उलटून बाहेर जाईल. पलंगासमोर आरसा नको म्हणतात. विहिरीच्या काठावर कुणी अंथरूण घालत नाही. जेवणाच्या मेजाशेजारी मात्र आरसा हवा, कारण धान्याजवळ पाणी असलं की ते वाढतं, आणि ताटातलं अन्न दुप्पट दिसतं ते निराळंच. तडा गेलेला आरसा घरात ठेवू नये, कारण गळकं भांडं कुणी भरत नाही. हा अर्थ माझा आहे, कुठल्या ग्रंथातून उचललेला नाही. पण पाण्याची ही एक प्रतिमा हाताशी ठेवली तर नियमांची यादी पाठ करावी लागत नाही, मोकळ्या खोलीत उभं राहून आरसा कुठे लावावा हे आपलं आपल्याला सुचतं.

हान काळातल्या काशाच्या आरशांना आणखी एक वैभव होतं, ते म्हणजे पाठ. पुढची बाजू घासून लखलखीत केलेली आणि मागच्या बाजूवर अख्खं विश्व. मध्यभागी पृथ्वीचा चौरस, भोवती आकाशाचं वर्तुळ, आणि चार दिशांना चार प्राणी: पूर्वेला निळा ड्रॅगन, दक्षिणेला शेंदरी पक्षी, पश्चिमेला पांढरा वाघ, उत्तरेला सापाने विळखा घातलेलं काळं कासव. चेहरा पाहण्यासाठी आरसा हातात धरला की तळहाताला सगळ्या दिशा लागत. शांघायच्या संग्रहालयात पश्चिम हान काळातले असे आरसे आहेत की त्यांच्या गुळगुळीत पुढच्या बाजूवर ऊन पडलं तर भिंतीवरच्या कवडशात मागची नक्षी उमटते. उजेड जणू काशातून आरपार गेला. अकराव्या शतकातल्या शेन क्वो या पंडिताला या आरशांनी झपाटलं होतं. पृष्ठभागावर डोळ्यांना न दिसणारे चढउतार असतात आणि ते पाठीवरच्या नक्षीबरहुकूम असतात, हे त्यातलं इंगित. काचेचे आरसे आले, चेहरा स्वच्छ दिसू लागला, आणि आरशाची पाठ गेली. हुईजोऊच्या मेजावरचा आरसा काचेचा आहे. त्याच्या पाठीवर दिशा कोरलेल्या नाहीत, म्हणून मांडणाऱ्याने त्यालाच एका दिशेला बसवलं.

आपल्याकडे फेंग शुईचा आरसा म्हटलं की डोळ्यांपुढे दुसराच आरसा येतो. मुंबई-पुण्याच्या सोसायट्यांत जिना चढताना एखाद्या दाराच्या चौकटीवर लाल-हिरवी अष्टकोनी पाटी दिसते, आठ बाजूंना तीन तीन रेघांची चिन्हं आणि मधोमध छोटा गोल आरसा. तोरणाच्या आणि गणपतीच्या टाइलच्या शेजारी तिने आता आपली जागा केली आहे. हा बाग्वा आरसा. त्याचं कुळ रणातलं. चौथ्या शतकातला ताओवादी गे होंग लिहून गेला आहे की डोंगरात शिरणारे साधक पाठीवर नऊ इंची आरसा बांधून जात. फार जुनी झालेली जनावरं आणि वस्तू माणसाचं रूप घेऊन भुलवतात, पण आरशात त्यांना आपलं खरं रूप लपवता येत नाही. दारावरचा बाग्वा आरसा त्या पाठीवरच्या आरशाचा वंशज. त्याने बाहेर पाहायचं, समोरून येणारा आघात परतवायचा. म्हणून तो घराच्या आत लावणं चूक मानतात, आणि दाटीवाटीच्या हाँगकाँगमध्ये तो समोरच्याच्या खिडकीवर रोखला गेला तर शेजाऱ्यांत भांडणं होतात. त्याची मांडणी सुरेख आहे, यात वाद नाही. पण तो भयानकाला उत्तर देणारा वीर आहे, सदा पहाऱ्यावर उभा. मेजावरच्या आरशाचा रस शांत.

शांत रसाचा एक आरसा सुजोऊ शहरातही आहे. मासेमाऱ्याची बाग म्हणून ओळखल्या जाणाऱ्या वांगशी बागेत तळ्याच्या पश्चिम काठावर एक छोटा मंडप आहे. चंद्र यावा आणि वारा पोचावा, असं त्याचं नाव. त्या मंडपात मोठा आरसा लावला आहे. चांदण्या रात्री तिथे बसलेल्याला एक चंद्र आकाशात दिसतो, एक तळ्यात, एक आरशात. बाग लहान आहे, काही पावलांत संपते. त्या आरशाने तिचं तळं मंडपात आणून ठेवलं आहे. चिनी उद्यानकलेत दूरचं दृश्य उसनं आणण्याला मोठी प्रतिष्ठा आहे, आणि हे उसनं आणणं इतकं अलगद साधलं आहे की दाद द्यायला शब्द शोधावे लागतात. तरीही हा रसिकाचा आरसा. फुरसत असलेला, चंद्राची वाट पाहायला सवड असलेला माणूस त्याच्यासमोर बसला आहे. हुईजोऊच्या आरशासमोर बसलेली वाट पाहते, पण चंद्राची नाही.

त्यासाठी आधी घर समजून घ्यायला हवं. हुईजोऊचं घर बाहेरून पाहिलं तर उंच पांढऱ्या भिंती, वर काळी कौलं, पायरीपायरीने उतरत जाणारे भिंतींचे माथे. बाहेरच्या बाजूला खिडक्या जवळपास नाहीतच; असल्या तर उंचावर, हातभर. सगळा उजेड वरून येतो. घराच्या मधोमध छप्पर उघडं सोडलेलं असतं. त्याला चिनीत ‘आकाशाची विहीर’ म्हणतात. आपल्या वाड्यातल्या चौकाची ही चुलत बहीण, पण अंगाने अरुंद आणि खोल. चारही बाजूंची छपरं आतल्या बाजूला उतरती, त्यामुळे पावसाचं पाणी घराबाहेर न जाता चौकात येतं. पाणी म्हणजे धन, म्हणून चारी दिशांचं पाणी घरात परत यावं. होंगत्सुनमधलं सर्वांत प्रसिद्ध घर, मिठाचा व्यापारी वांग दिंगग्वेइ याने १८५५ च्या सुमारास बांधलेलं ‘छंगझी तांग’, अशाच चौकांभोवती उभं आहे. मधलं दालन चौकाच्या बाजूला सताड उघडं असतं, आणि मेज दालनाच्या मागच्या भिंतीशी, तोंड चौकाकडे. म्हणजे आरसा चौकाकडे पाहतो. पाऊस लागला की चार छपरांच्या धारा त्याच्यासमोर पडतात. उभं केलेलं पाणी पडत्या पाण्याला पाहतं. या एका क्षणासाठी मी बाकी सगळे आरसे सोडून द्यायला तयार आहे.

होंगत्सुन गावच पाण्याने रचलेलं आहे. ओढ्याचं पाणी दगडी चरांतून घराघरासमोरून खेळवत गावाच्या मध्यावरच्या तळ्यात आणलं आणि पुढे १६०७ साली खणलेल्या दक्षिण सरोवरात सोडलं. मध्यावरचं तळं मिंग काळातलं, पंधराव्या शतकाच्या सुरुवातीचं, आणि त्याचा आकार अर्धचंद्राचा. गाव सांगतं की कुळप्रमुखाची बायको हू चोंग हिने कामाची सूत्रं हाती घेतली आणि तळं पूर्ण गोल करू दिलं नाही. पूर्ण झालेला चंद्र दुसऱ्या दिवसापासून झिजतो. अर्ध्याला भरत जायला वाव असतो. संथ दिवशी त्या अर्ध्या तळ्यात भोवतालच्या पांढऱ्या भिंती अखंड उतरतात.

अर्ध्याचं हे वेड तळ्यावर थांबत नाही. हुईजोऊची जमीन डोंगराळ, शेती अपुरी. तेरा-चौदा वर्षांचा मुलगा झाला की त्याला व्यापाराला बाहेर काढत. मीठ, चहा, लाकूड, गहाणवटीची दुकानं. चीनभर त्यांचा पसारा, आणि घर मात्र मागे डोंगरात. लग्न करून पुन्हा बाहेर. वर्षं वर्षं घरी येणं नाही. तिथल्या घरांत दोन अर्धगोल मेजं असतात, दोन भिंतींना लावलेली. घरधनी बाहेरगावी असला की ती तशीच वेगळी राहायची. तो परतला की दोन्ही मध्ये आणून जोडायची, गोल मेज व्हायचं. लांब मेजावर कधी चिनी मातीची दोन उभी नळकांडीही असतात, टोप्या ठेवण्यासाठी. त्यावर टोपी दिसली तर मालक घरात. पाहुण्याने काही विचारायला नको. टोपी नाही, मेज अर्धं, तर दारातूनच नमस्कार करून परत जायचं, असं तिथे सांगतात.

चिनी वाचकाला इथे एक जुनी कथा आठवल्याशिवाय राहत नसेल. सहाव्या शतकाच्या अखेरीस छेन राज्य बुडत असताना राजकन्या लछांग आणि तिचा नवरा यांनी एक आरसा फोडून दोन तुकडे वाटून घेतले. ताटातूट झाली तर कंदिलांच्या सणाला तुकडा बाजारात विकायला आणायचा, असा संकेत ठरला. पुढे अर्ध्या आरशावरून अर्धा आरसा ओळखला गेला, आणि फुटका आरसा पुन्हा गोल झाला, हा चिनीत वाक्प्रचारच बनला. हुईजोऊच्या घरात आरसा अखंड ठेवला आहे आणि फाळणी मेजाची केली आहे. हे मुद्दाम केलेलं असेल असं मी म्हणत नाही. पण त्या दालनात दोन्ही वस्तू एका नजरेत येतात, आणि एकदा दिसल्यावर ती नजर काढून घेता येत नाही.

माझं आजोळ रत्नागिरी जिल्ह्यातलं. आजोबा मुंबईला गिरणीत, लालबागच्या खोलीवर, आजी गावी. ते गणपतीला यायचे, जमलं तर शिमग्याला. आले की माजघराच्या दाराशेजारच्या खुंटीवर त्यांची काळी टोपी असायची. एरवी खुंटी रिकामी, पण तिच्यावर दुसरं काही अडकवलेलं आजीला चालत नसे. आजीची ऐनेपेटी होती, झाकणाच्या आतून आरसा, खाली मेणाची डबी, कुंकू, फणी. ती सकाळी पेटी उघडायची, कपाळाला मेण लावून त्यावर कुंकू टेकवायची आणि लगेच झाकण लावायची. ऐना उघडा ठेवू नये म्हणायची. का, ते कधी सांगितलं नाही, आणि मीही विचारलं नाही. होंगत्सुनच्या त्या मेजाबद्दल पहिल्यांदा कळलं तेव्हा मला ती खुंटी आणि ते मिटलेलं झाकण, दोन्ही एकदम आठवलं. चाकरमान्यांच्या घरात वाढलेल्या कुणालाही हुईजोऊचं दालन परकं वाटायचं नाही.

मग आरसा पश्चिमेलाच का? पंचतत्त्वांच्या चिनी कोष्टकात पूर्व म्हणजे लाकूड आणि वसंत. पश्चिम म्हणजे धातू आणि शरद. पूर्वेची फुलदाणी डहाळी धरते, हे उघड आहे. आरसा काचेचा झाला तरी त्याचा पिंड काशाचा, धातूचा. म्हणून तो पश्चिमेला शोभतो. आणि पश्चिम ही सरत्या दिवसाची, सरत्या वर्षाची बाजू. पूर्वेकडून वाचत आलात तर आधी वसंत, मग घड्याळाचे टोले, मग शरदातली निश्चलता. एका मेजावर अख्खं आयुष्य पूर्व-पश्चिम पसरलं आहे.

या निश्चलतेची किंमतही त्याच मुलखात दगडात उभी आहे. शेशियन तालुक्यात तांग्युए इथे सात कमानी एका ओळीत आहेत. निष्ठा, पितृभक्ती, दातृत्व यांच्या कमानींबरोबर दोन कमानी पतीमागे आयुष्यभर एकट्या राहिलेल्या स्त्रियांच्या आहेत. ‘जिंग’ म्हणजे शांत, आणि ‘जिंग’ म्हणजे निमूटही. घरातल्या बाईसाठी हा आशीर्वाद होता की अट, हा प्रश्न मला त्या आरशासमोर दर वेळी पडतो, आणि तो पडल्यामुळे मांडणी माझ्या लेखी उणी होत नाही, जड होते. बाहेरच्याला घरात सुख दिसेल असा तो आरसा मांडला आहे, आणि आतल्या बाईला त्यात दिसतं ते उघडं दालन, चौकातला उजेड आणि दोन भिंतींना लागलेली दोन अर्धी मेजं.

आता पुन्हा त्या ओळीकडे. चार अक्षरं आहेत आणि मेजावर वस्तू तीन. झोंग आहे, पिंग आहे, जिंग आहे. शंग कुठे आहे? आवाज मेजावर ठेवता येत नाही. तो व्हावा लागतो. म्हणजे एरवी त्या दालनात ओळ अपुरी असते, अर्ध्या तळ्यासारखी. घड्याळाने टोला दिला की दुसरं अक्षर हजर होतं आणि तेवढ्यापुरती ती पूर्ण वाचली जाते. टोला विरला की पुन्हा तीन वस्तू. आणि घड्याळ टोला देतं ते त्याला वेळच्या वेळी चावी दिलेली असेल तरच. मालक दूर गावी पेढीवर. घरात जी आहे तिनेच काच उघडायची, चावी फिरवायची, काच लावायची. ओळ रचली कुणीही असो, ती दर तासाला वाचती ठेवली तिने.

टोल्याचा क्रमही तिथे लिहिल्यासारखा आहे. तो मधून उठतो, फुलदाणीच्या पोकळ पोटाशी किंचित घुमतो, आणि पश्चिमेला आरशाच्या काचेवर काहीच हलत नाही. बाहेर पाऊस असेल तर चौकातल्या धारा त्यात तेवढ्या दिसत राहतात.